सातव्या महिन्यात शुगर निघाली, आता बाळाचं काय?

नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून थोडक्यात सांगते. वय २८, सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम, पहिलंच बाळंतपण, २६ आठवडे पूर्ण. सासरची द्राक्षबाग दिंडोरीकडे आहे आणि सध्या काढणी चालू आहे. तिसऱ्या महिन्यातली ग्लुकोजची तपासणी आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी दोन्ही व्यवस्थित होत्या. आता ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर १५८ आली. डॉक्टरांनी दोन आठवडे आहार सांभाळायला सांगितलंय, त्यानंतर गरज पडली तर इन्सुलिन. सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या घरात कुणाला शुगर नाही. सकाळी द्राक्षं खाऊन गेलीस म्हणून वाढली. आणि इंजेक्शन एकदा लागलं की सुटत नाही, बाळालाही लागेल." वाद नको म्हणून तिने घरी सांगून टाकलं की पुन्हा तपासली, नॉर्मल आली. नवऱ्याला खरं माहीत आहे, पण तोही म्हणतो, डोहाळजेवण होऊन जाऊ दे. मधल्या काळात ही गुपचूप खाणं कमी करत चालली आहे. तिचे प्रश्न: माझ्यामुळे बाळाला डायबिटीस झाला का? त्याच्यात काही व्यंग येईल का? कार्यक्रम होईपर्यंत गप्प राहिले तर चालेल का?

*

प्रिय मैत्रिणी,

तू तीन प्रश्न विचारलेस, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तू जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची: "रात्री नुसतं दूध पिऊन झोपते, म्हणजे शुगर चढत नाही." त्याच्यापासूनच सुरुवात करते. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे आजच थांबायला हवं.

उपाशी राहणं हा या दुखण्यावरचा इलाज नाही. तू जेवली नाहीस तरी बाळाला साखर लागतेच. मग तुझं शरीर साठवलेली चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची द्रव्यं वाढतात. ती वारेतून (म्हणजे प्लासेंटातून) बाळापर्यंत जातात आणि गरोदरपणात ती वाढलेली बरी नाहीत. शिवाय रात्र उपाशी काढली म्हणजे सकाळची शुगर कमी येईलच असं नाही. पोट रिकामं राहिलं की यकृत स्वतःची साखर रक्तात सोडतं. गरोदर बाईला दिवसाला निदान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात. भाकरी, भात, डाळी, दूध, फळं या सगळ्यांतून मिळून ती यायला हवीत. म्हणजे भाकरी सोडायची नाही, ती दिवसभरात वाटून खायची. आज रात्री जेवून झोप. झोपताना दूध घ्यायला हरकत नाही, फक्त जेवणाच्या जागी नको.

आता बाळाचं सांगते, आणि काही झाकून ठेवत नाही. अर्धवट माहिती कानावर पडली की भीती जास्त वाटते.

गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात वार मोठी होते आणि तिच्यातून जी संप्रेरकं (हार्मोन्स) सुटतात ती आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. हे सगळ्याच बायकांमध्ये होतं. निसर्गाने ती सोय बाळाला साखर कमी पडू नये म्हणून केलेली आहे. बहुतेकींचं स्वादुपिंड, म्हणजे इन्सुलिन बनवणारी ग्रंथी, जास्त इन्सुलिन बनवून हिशेब जुळवतं. काहींचं तेवढं बनवू शकत नाही आणि शुगर वर जाते. ही वार एखाद्या चाळणीसारखी वागते: साखर तिच्यातून आरपार जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे तुझी जास्तीची साखर बाळाकडे पोहोचते, पण ती आवरण्यासाठी तुझ्या इन्सुलिनची मदत त्याला मिळत नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन बनवायला लागतं. बाळावर होणारे बहुतेक परिणाम तिथून सुरू होतात.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बाळाला डायबिटीस झालेला नाही. उलट त्याचं स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त काम करतंय. जन्मतःच मधुमेह असणारी बाळं फार क्वचित आढळतात आणि त्याचं कारण जनुकांमधला वेगळाच दोष असतो.

व्यंगाबद्दल. हृदय, मेंदू, पाठीचा कणा हे अवयव पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच आकाराला येतात. दिवस राहण्याच्या आधीपासूनच मधुमेह असेल आणि त्या आठवड्यांत साखर खूप चढलेली असेल, तर व्यंगाचा धोका वाढतो. तुझी तिसऱ्या महिन्यातली तपासणी नॉर्मल होती, पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत अवयव नीट दिसले. आत्ता वर गेलेली साखर मागे जाऊन हृदयात छिद्र पाडत नाही. ही भीती मनातून काढून टाक. एवढी खात्री मी प्रत्येक वाचकाला देऊ शकणार नाही. जिची शुगर पहिल्याच तपासणीत जास्त निघाली असेल, तिने डॉक्टरांना बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल जरूर विचारावं.

मग धोका कशाचा? तू लिहिलंस की परवाच्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर आठवड्यांच्या मानाने थोडा जास्त आला आणि सासूबाई खूश झाल्या, "गुटगुटीत होणार माझा नातू!" त्यांचा आनंद मला समजतो. आपल्याकडे बाळ बघायला आलेली प्रत्येक बाई आधी वजन विचारते. पण हे गुटगुटीतपण तपासून बघायला हवं. इन्सुलिन बाळाच्या शरीरात वाढीच्या संप्रेरकासारखं काम करतं आणि जादा साखरेची चरबी खांद्यांवर आणि पोटाभोवती बसते. डोकं त्या मानाने वाढत नाही. प्रसूतीच्या वेळी डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकू शकतो. अशा वेळी बाळाच्या हाताच्या नसांना इजा होऊ शकते, आईला मोठी फाट जाऊ शकते. बाळ फारच मोठं असेल तर सिझरही करावं लागू शकतं. गर्भजल वाढणं, दिवस भरण्याआधी कळा येणं, आईचं बीपी वाढणं हेही यात येतं. आणि शेवटच्या आठवड्यांत साखर अगदीच बेताल राहिली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. हे वाक्य लिहिताना मला जड जातंय, पण "डोहाळजेवण होईपर्यंत गप्प राहू का" असं तू विचारलंस म्हणून लिहितेय.

दुसरा टप्पा जन्मानंतरच्या काही तासांचा. नाळ कापली की आईकडून येणारी साखर त्या क्षणाला थांबते, बाळाच्या रक्तातलं जादा इन्सुलिन मात्र तसंच राहतं. त्यामुळे त्याची साखर एकदम खाली येऊ शकते. बाळ थरथरतं, सुस्त पडतं, दूध नीट ओढत नाही, किंवा वरून काहीच दिसत नाही. म्हणून अशा बाळांची टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पुन्हा पुन्हा तपासणी करतात. टाचेला सुई टोचताना बघून घरातली मंडळी नर्सवर चिडतात, त्यांना आधीच सांगून ठेव. पहिल्या तासाच्या आत बाळाला अंगावर घेणं, तो पिवळसर चीक पाजणं, हा त्यावरचा पहिला उपाय. त्या वेळी कुणी मध चाटवायला पुढे आलं तर ठामपणे नको म्हण. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर आजार होऊ शकतो. काही बाळांना कावीळ जास्त होते, कॅल्शियम कमी पडतं. काहींना श्वासाचा त्रास होतो, कारण जादा इन्सुलिनमुळे फुफ्फुसं तयार व्हायला उशीर लागतो. यातलं बहुतेक वेळेवर लक्षात आलं तर काही दिवसांत निस्तरतं.

यापुढचा आकडा वहीत लिहून ठेव. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुझ्यासारख्या सुमारे १००० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना आहाराचा सल्ला, घरी शुगर तपासणं आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन दिलं, बाकीच्यांना नेहमीची देखभाल. बाळांमधल्या गंभीर गुंतागुंती नेहमीच्या देखभालीत ४ टक्के होत्या, उपचार घेतलेल्यांत १ टक्का. म्हणजे उपचाराविनाही बहुतेक बाळं सुखरूप होती, आणि उपचाराने उरलेला धोकाही बराच खाली आला. तुझ्यापुढे अजून तीन महिने आहेत. बाळाची चरबी वाढते ती मुख्यतः याच तीन महिन्यांत, म्हणून हे निदान आत्ता झालं हे चांगलंच झालं.

"द्राक्षं खाऊन गेलीस म्हणून वाढली" हे आता बघू. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही तपासणी उपाशीपोटी असो वा खाऊन असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही एकच सोपी तपासणी आग्रहाने मांडली, कारण लांबून येणाऱ्या गरोदर बाईला पुन्हा उपाशीपोटी बोलावलं तर ती बहुधा येतच नाही. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, आपल्या देशात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. तेव्हा सकाळच्या द्राक्षांनी तुझा निकाल बिघडवला असं धरून चालू नकोस. द्राक्षांनी हा आजारही आणलेला नाही. बागेत दिवसभर द्राक्षं खाणाऱ्या कितीतरी गरोदर बायांची शुगर नीट असते.

"आमच्या घरात कुणाला नाही" यावर तर मला हळूच विचारावंसं वाटतं की त्या घरात शुगर शेवटची तपासली कुणी आणि कधी? आणि तपासून खरंच नसली, तरी तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे ते तुझं माहेर. वडील शुगरची गोळी घेतात असं तूच लिहिलंस. त्यात आपण भारतीय बायका मुळातच या आजाराकडे जास्त झुकलेल्या. यात चूक शोधायला जागाच नाही. "माझ्यामुळे" हा शब्द तुझ्या पत्रात इतक्यांदा आलाय की मला तुझ्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला.

इन्सुलिनचं. दोन आठवडे आहार आणि चालणं सांभाळून जेवणानंतर दोन तासांची शुगर १२० च्या आत आली तर बहुधा औषध लागणारच नाही. पुष्कळ जणींचं एवढ्यावर भागतं. नाही आली, तर औषध सुरू होईल आणि तेव्हा "मी पथ्य पाळलं नाही" असं मनात आणू नकोस. वारेची संप्रेरकं पुढच्या आठवड्यांत आणखी वाढतात, ताटात तेच असलं तरी शुगर चढू शकते. सासूबाईंना वाटतं त्याच्या उलटच आहे: इंजेक्शनचं इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, गोळी मात्र जाते. मेटफॉर्मिनची गोळी गरोदरपणात दिली जाते आणि काहींना ती योग्यही असते, ते डॉक्टर ठरवतील. पण "गोळी चालेल, सुई नको" हा हट्ट बाळाच्या काळजीपोटी असेल तर त्याला आधार नाही. राहिला "एकदा लागलं की सुटत नाही" हा भाग. वार बाहेर पडली की कारणच गेलं, आणि गरोदरपणात सुरू झालेलं इन्सुलिन बहुतेकींचं प्रसूतीनंतर लगेच बंद होतं. इन्सुलिन टोचायच्या पेनची सुई अगदी बारीक असते, पोटाच्या कातडीखालच्या चरबीत जाते, बाळापर्यंत पोहोचत नाही. इन्सुलिन सुरू झालं तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी म्हणजे साखर उतरली हे घरच्यांना ठाऊक हवं. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून लगेच प्यायचं. पर्समध्ये एक पुडी ठेव.

आणि हे घरच्यांना ठाऊक हवं असेल, तर तू सांगितलेलं खोटं मागे घ्यावं लागेल.

तू ते का सांगितलंस हे मला कळतं. सातव्या महिन्यात, सासरी, रोजच्या जेवणावरून वाद कुणाला हवा? पण त्याचा परिणाम बघ: ज्या घरात तुझी शुगर नॉर्मल आहे, त्या घरात तुझ्या ताटात डिंकाचा लाडू येणारच, "दोन जिवांची आहेस" म्हणून दुसरी पोळी वाढली जाणारच, आणि तू ती टाळलीस की "नखरे" ठरणार. सासूबाई वाईट वागत नाहीत, त्यांना चुकीची माहिती मिळालेली आहे, आणि त्यातली निम्मी आपणच दिली. मला तरी दोनच वाटा दिसतात. एक, तू आणि नवरा मिळून घरी बसून सांगा. दुसरी, मला जास्त पटते ती: पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर घेऊन जा. आधी डॉक्टरांना कल्पना दे की यांच्या मनात इन्सुलिनची भीती आहे, जरा समजावून सांगा. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडतो, हे आवडो न आवडो, खरं आहे. घरून निघण्याआधी मात्र तूच तोंड उघड. "आई, मी घाबरले होते म्हणून नॉर्मल आली असं म्हटलं. शुगर वाढलेलीच आहे. बाळासाठी मला तुमची मदत लागणार आहे." रागावतील. रागावू देत. पण नातवासाठी मदत मागितल्यावर हात आखडता घेणारी आजी मी तरी फारशी पाहिलेली नाही. तुझ्या नवऱ्यालाही एक सांगते: कार्यक्रम होऊन जाऊ दे म्हणणं म्हणजे सगळा भार बायकोवर टाकणं. त्या दिवशी आईशेजारी तुम्ही बसा.

डोहाळजेवण रद्द करू नकोस. ओटी भरून घे, झोपाळ्यावर बस, फोटो काढ. ताटात आधी कोशिंबीर, उसळ, भाजी घे, मग थोडा भात किंवा एक पोळी, आणि गोडाचा एक घास शेवटी. प्रत्येक मावशी एकेक घास भरवणार असेल तर ते काम नवऱ्याने आवरायचं.

रोजच्या खाण्याचा तक्ता तुझ्या आहारतज्ज्ञ देतीलच, मी आपल्या नाशिकच्या सवयींपुरतं बोलते. सकाळी इन्सुलिनला अडवणारी संप्रेरकं जोरात असतात, म्हणून नाश्त्यानंतरची शुगर आवरायला सगळ्यात अवघड. पोहे, साखरेचा चहा आणि वर केळं हे त्या वेळी नकोच. मिसळीतली मटकी उत्तम, घात करतात ते पाव आणि फरसाण. मोड आलेली मटकी घरी कमी तेलात करून अर्ध्या भाकरीबरोबर खा. मुगाचं धिरडं, अंडं, दाण्याची चटणी घालून बाजरीची भाकरी हेही चालेल. चतुर्थीचा उपवास या वर्षी सोड, साबुदाणा शुगर भराभर चढवतो. साखरेऐवजी गूळ, मध, खजूर घातला म्हणजे सुटलो, असं नाही. द्राक्षं? आठ-दहा मणी, दुपारच्या मधल्या वेळी, मूठभर दाण्यांसोबत, जेवणाला जोडून नाही. बेदाणे मात्र लांब ठेव. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाल. कृषीनगरच्या ट्रॅकवर जायला जमलं तर छान, नाहीतर गच्चीत फेऱ्या मार.

ग्लुकोमीटर घे. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, हे दोन आकडे फ्रिजवर चिकटव. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. एक बारीकशी गोष्ट आहे, पण बागाईतदाराच्या घरात फार उपयोगाची: द्राक्षं हाताळलेल्या बोटावर टोचलंस तर कातडीवरचा गोड रस थेंबात मिसळतो आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो. साबणाने हात धू, पूर्ण कोरडे कर, बोटाच्या कडेला टोच, पहिला थेंब पुसून दुसरा घे. आकडे वहीत लिही, चांगले आणि वाईट दोन्ही. वाईट आकडे गाळलेली वही डॉक्टरांच्या कामाची नाही.

बाळंतपणाला माहेरी सटाण्याकडे जायचा बेत आहे असं लिहिलंस. माहेरी जरूर जा, पण प्रसूती जिथे बाळाची शुगर तासातासाला तपासता येते आणि बाळाचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत तिथेच कर. तशी सोय जवळपास नसेल तर शेवटचे आठवडे आईलाच नाशिकला बोलावून घे. नुसती शुगर आहे म्हणून सिझर करावंच लागतं असं नाही, ते बाळाचं वजन आणि शुगर किती आटोक्यात आहे यावर ठरतं. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. माझ्या ज्या वाचकांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ग्लुकोजची तपासणी झाली नसेल तर गावातल्या आशाताईंकडे आवर्जून चौकशी करा.

आता बाळंतपणानंतरचं, कारण तेव्हा कुणाला आठवत नाही. अशा बाळांमध्ये मोठेपणी लठ्ठपणाची आणि मधुमेहाची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि ज्या आयांना गरोदरपणात शुगर झाली त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सुमारे दहापट. अंगावर पाजल्याने दोघांनाही फायदा होतो. पण बाळ हातात आलं की आई स्वतःची तपासणी विसरते. शुगर गेली, विषय संपला, असं वाटतं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तुझी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा व्हायला हवी, आणि नंतर दरवर्षी. बाळाची लसही सहा आठवड्यांनी असते. दवाखान्यातून मिळणाऱ्या लसीकरणाच्या कार्डावर त्याच तारखेपुढे पेनाने लिहून ठेव: "आईची शुगर".